पूर्ण बाह्यांचे कुर्ते

"आई, तिकडे गार असतं. पूर्ण बाह्यांचेच घेऊ," असं म्हणत मृदुलानं चार कुर्ते बाजूला काढले. दोघी जुलैत पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या, मिलानला. तिथे तेव्हा कडक उन्हाळा असतो, हे मृदुलाला नीट माहीत होतं. पण आईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोडाचे पांढरे डाग होते. घरी, साडीत, ते मृदुलाला कधी खटकले नव्हते. मिलानच्या फॅशनेबल रस्त्यांवर मात्र तिला ते झाकलेले हवे होते.

आईला अर्ध्या बाह्यांचा एक निळा कुर्ता आवडला होता. तो अंगाला लावून ती आरशात बघत होती.

"घ्या की काकू," दुकानातली बाई म्हणाली. "जुलैत तिकडे मरणाचं उकडतं. माझी नणंद जाऊन आली, नुसती निथळत होती म्हणे."

मृदुलाचे कान तापले. आईनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि निळा कुर्ता घडी करून ठेवला.

"हिला ठाऊक आहे हो," आई त्या बाईला म्हणाली. "मलाच एसी बाधतो. बस काय, हॉटेल काय, सगळीकडे तेच. हिनं माझाच विचार केलाय."

बाई बिल करायला वळली. मृदुला हळूच म्हणाली, "निळाही घेऊ ना."

"राहू दे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुला माझ्याबरोबर मोकळेपणानं फिरता यायला हवं."