साखर अडतीस

"अडतीस!" डॉक्टर अंकिता ओरडल्या. "साखर अडतीस, आणि दोन वर्षं यांना डोकं शांत करायच्या गोळ्या खाऊ घालताय?"

शिवांजलीनं साताऱ्याच्या डॉक्टरची फाईल पुढं केली. सांगलीच्या त्या दवाखान्यात तिचा नवरा उदयसिंह घामाने भिजून बरळत होता. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पाच मिनिटांत तो विचारू लागला, "मी कुठं हाय?"

फौजेतून परतल्यापासून दोन वर्षं त्यानं तिला गुरासारखं बडवलं होतं. कानाचा पडदा फाटला तेव्हा तिनं पोलिसांत तक्रार दिली.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ निघाली. दहा लाखांत एखाद्याला होणारा आजार.

"ही गाठ इन्शुलिन ओतत राहते. साखर कोसळते, माणूस भ्रमिष्ट होतो. दारू प्यायल्यासारखा वागतो, अंगावरही धावून जातो," डॉक्टर म्हणाल्या. "शुद्धीवर आला की त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही."

बाहेर येताच सासूनं, मनुबाईनं तोंड सोडलं. "आयकलंस? माझं लेकरू आजारी, आन् तू त्याला तुरुंगात घालाय निघालीस! आग लागू दे तुझ्या तक्रारीला!"

शिवांजली पेटली, पण स्वतःवरच. आजाऱ्याशी वैर धरलं आपण! मग तो सगळा संताप साताऱ्याच्या गोळ्यावाल्या डॉक्टरवर वळला. तिनं एसटी पकडली आणि भरल्या दवाखान्यात त्याच्या टेबलावर फाईल आपटली.

"बोटाला सुई टोचायला दोन वर्षं लागतात व्हय?"

परतताना ती पोलिसांत गेली आणि तक्रार मागं घेतली.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. महिनाभरात साखर शंभराच्या आसपास ठरली. उदयसिंह अंगणात बसू लागला, येणाऱ्याजाणाऱ्याशी हसून बोलू लागला. एका सकाळी त्याच्या हातात चहा देताना शिवांजलीला रडू फुटलं.

"तवा तुमी तुमच्यात नव्हता. मीच चुकले. माफ करा."

"जाऊ दे गं." त्यानं बशीत चहा ओतला. "पर तू बी लय हट्टी. कान फुटला त्या दिवशी न्हाणीत कडी लावून बसलीस. मी भाईर उभा राहून दहापातूर आकडं मोजलं. तवाच दार उघडलं असतंस, तर एका तडाख्यावरच भागलं असतं."