खिळ्यांची करकर

"बर्फात रुतणारे खिळेवालेच टायर घ्यायचे!" ताइस्तोने काउंटरवर मूठ आपटली. उत्तर फिनलंडमधल्या सोदांक्युला गावच्या टायरच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

साइमीचं डोकंच फिरलं. गाडी एवढीशी, पण स्वतःच्या पगाराची. आणि तिच्या चाकांवर दादागिरी मात्र बापाची!

"बाबा, डांबरावर त्या खिळ्यांची करकर ऐकून कान किटले माझे. मला बिनखिळ्यांचे हवेत, गुमान चालणारे."

"बर्फावरून घसरशील!"

"हेही बर्फ धरतात हो, काका," दुकानदार म्हणाला. "अर्धं गाव हेच वापरतं."

"तू मध्ये तोंड घालू नकोस!"

"तुम्हाला एवढा पुळका कशाचा आलाय?" साइमी कडाडली. "दवाखान्यातली पाळी संपवून मी रोज मध्यरात्री एकटी येते. तेव्हा तुम्ही खुशाल घोरत पडलेले असता. कधी उठून दार तरी उघडलंत?"

ताइस्तो लालबुंद झाला. "घोरत असतो म्हणे! अगं, कोपऱ्यावर तुझी ती करकर वाजते, तेव्हा कुठे माझा डोळा लागतो. आता काय डोंबल ऐकून झोपू?"