ऐकलेलं वाक्य

मांडीचं हाड मोडलेल्या ताईजवळ दवाखान्यात तिचा भाऊ सोळा दिवस वही घेऊन बसला होता. ताई शेजारच्या खाटेला ऐकवायची, "भाऊ असावा तर असा!"

सतराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मावशी, उद्या तुम्हाला डिस्चार्ज."

भावाने लगेच लिहून घेतलं.

"काय लिहितोस रे?"

"अगं, माझ्या शब्दकोशात शब्दाच्या प्रत्येक अर्थाला ऐकलेलंच वाक्य लागतं. डिस्चार्जचं बॅटरीवालं मेकॅनिककडून मिळालं, नदीवालं धरणावरच्या इंजिनिअरकडून, सैन्यातलं हवालदाराकडून. दवाखान्यातलं तेवढं अडलं होतं."

दुसऱ्या दिवशी नर्सने त्याला फोन केला. "मावशी पिशवी भरून बसल्यात. न्यायला कधी येताय?"

"छे हो, तिथलं काम झालं. आता पुढच्या शब्दासाठी धाकट्या बहिणीकडे बसलोय. तिचा घटस्फोट व्हायचाय अजून."