गोलमागचा आवाज

"लंडनच्या क्लबला नकार देऊन थॉर्नलीसारख्या गावात? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" एजंट मार्विन फोनवर म्हणाला.

"लंडनला राखीव म्हणून बसवतील. थॉर्नलीत खेळायला मिळेल," लायल म्हणाला.

कारण पटण्यासारखं होतं. सगळी कारकीर्द अमेरिकेत, डेन्व्हरमध्ये काढलेला फुटबॉलचा गोलकीपर, तिशी उलटलेली. इंग्लंडला जायचं तर आताच.

थॉर्नलीत त्याची दैना झाली. कॉर्नर आला की धिप्पाड गडी त्याला छातीने रेटायचे, आणि रेफरी शिट्टीच वाजवायचा नाही. ओला चेंडू साबणासारखा हातातून निसटायचा. घरचेच प्रेक्षक हुर्यो उडवायचे. "ए यांकी, गोल अडवायचा असतो, बघायचा नसतो!"

सगळ्यात मोठा आवाज गोलमागच्या पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा. दहा-अकरा वर्षांची, लाल लोकरी टोपी, शेजारी एक दाढीवाला माणूस. "लायल, घरी जा!" ती बेंबीच्या देठापासून ओरडायची.

"त्या पोरीला दुसरीकडे बसवायला सांगू का?" गोलकीपरांचा म्हातारा कोच अर्नी याने विचारलं.

"राहू दे. तिचं काय चुकतंय?"

हा माणूस त्या ओरडण्याकडे कान देऊन का उभा असतो, ते अर्नीला कळत नव्हतं. लायल तरी काय सांगणार? ती त्याचीच मुलगी होती. मुलीची आई मोइरा डेन्व्हरला शिकत होती, तेव्हाची. दिवस राहिलेत हे सांगायला मोइराने फोन केला, त्याच सुमाराला त्याला पहिला करार मिळाला होता. पुढे त्याने तिचा फोन उचललाच नाही. ती इंग्लंडला परतली, संसाराला लागली. आता मोइराने त्याला एवढंच कबूल केलं होतं: लांबून बघ. मुलीसाठी दाढीवालाच तिचा बाबा आहे. तिला काही कळता कामा नये.

एकदा मॅच संपल्यावर तो फाटकाशी सह्या देत उभा होता. मुलगी समोर आली. हात कोटाच्या खिशात.

"सही देऊ?"

"नको. तुम्ही परत कधी जाणार?"

"एल्सी!" दाढीवाला ओशाळला. "माफ करा हं. घरी माझंही ऐकत नाही ती."

"बरोबर विचारतेय," लायल म्हणाला.

ती आपल्याशी बोलली, एवढ्यावर त्याने पुढचा आठवडा काढला.

हिवाळ्यात त्याची संघातली जागा गेली. मार्विनने खटपट करून डेन्व्हरच्या जुन्या क्लबला राजी केलं, पण लायल नाही म्हणाला. तो थॉर्नलीतच राखीव म्हणून राहिला. मॅचआधी दुसऱ्या गोलकीपरला सराव द्यायला एल्सीच्या रांगेपुढच्या गोलसमोर उभं राहता यायचं. बाकी त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

एका शनिवारी मोइरा त्याच्या गाडीपाशी थांबलेली दिसली.

"लायल, तू जा आता. तिला त्रास होतोय."

"मी काय केलं? एक शब्द बोललो नाही तिला. पोरं ओरडतातच, मोइरा. मी कोण, हे तिला कुठे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू आलास त्याच दिवशी मी सांगितलं तिला. त्याआधी ती कधी मॅचला आली नव्हती."