मनियाराच्या पेट्या

किनवटजवळच्या त्या गावात करीम मनियार गोदावरीच्या दारात थांबला, तेव्हा समोरच्या बायका चपापल्या. विधवेच्या दारात बांगडीवाला कधी थांबतो होय?

करीमनं बांगड्या काढल्याच नाहीत. म्हणाला, "गोदाबाई, ठेसनावर तुमच्या सीताफळांची डाल बघितली. निम्मी फळं चेंदामेंदा. लई जीव जळला."

"पिकलेलं फळ हाय, करीमभाई, दबणारच. अन् इथं तर सगळ्यांच्याच रानात सीताफळ. घेतंय कोण?"

"हैदराबादेत घेतात की! तिथून मी काच आणतो, गवतात निजवून. एक बांगडी फुटत न्हाई. अन् जाताना ह्या पेट्या रिकाम्याच जातात."

गोदावरीनं पेटीतलं वाळलं गवत मुठीत दाबून पाहिलं. "मग पिकलेलं न्हाई द्यायचं. खवल्यांच्या मधी पिवळी रेघ दिसली की कच्चंच तोडते. गाडीत पिकंल."

निजामाच्या रेल्वेनं पहिली पेटी हैदराबादेला पोचली, तेव्हा त्यातलं एकही फळ फुटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी अख्ख्या गावाची सीताफळं गोदावरीच्या ओसरीवर येऊ लागली. फळ निवडायची तीच, गवतात निजवायची तीच.

पण पेट्या भरायच्या तर त्या आधी रिकाम्या व्हायला हव्यात. म्हणून दिवाळीच्या तोंडावर गावातल्या झाडून साऱ्या सवाष्णी बांगड्या भरायला त्या विधवेच्याच दारात रांग लावू लागल्या.