फूलदाई

अपर्णाने भोजलीचे पिवळे कोंब नीलूच्या कानावर खोचले, नीलूने अपर्णाच्या. अंगणातल्या बायांनी गाणं धरलं आणि शांताबाईंच्या पोटात दुखू लागलं.

टोपलीत उगवलेल्या गव्हाचे हे कोंब राखीच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या कानावर खोचले, की मैत्री जन्माची होते. मग नाव घ्यायचं नाही, नुसतं ‘भोजली’ म्हणायचं. इथवर शांताबाईंची काही हरकत नव्हती. पण एकाची आई दुसऱ्याची फूलदाई होते. म्हणजे आजपासून अपर्णाची आई पद्मिनी ही नीलूची दुसरी आई. छत्तीसगढातल्या भनपुरीत तीस वर्षं काढूनही शांताबाईंना हे पचत नव्हतं. पोट आपलं फाटलं आणि आई व्हायला शेजारीण तयार!

त्यात पद्मिनी दारात आलेल्या प्रत्येकीला हसून सांगत होती, "हमर नीलू आ गे!"

हमर म्हणे. आमचं.

नीलूने वर्षापूर्वी घरात सांगितलं होतं, "मला ती म्हणू नका. तोही नको. ते म्हणा." शांताबाई म्हणाल्या होत्या, "ते तर आपण नवऱ्याले म्हणतो. पोटच्या पोरीले कशी म्हणू?" तरी त्यांनी प्रयत्न केला. दिवसातून दहादा चुकल्या. चुकल्या की नीलू गप्प व्हायचं, आणि त्या चिडायच्या.

पद्मिनीच्या छत्तीसगढीत आला-आलीची भानगडच नव्हती. बाईला फुकटात पुण्य मिळत होतं. नीलू तिच्याच स्वयंपाकघरात तासन्‌तास बसायचं, ते काय उगीच?

पद्मिनीने गूळ-तिळाची खुरमी नीलूच्या तोंडाशी नेली. शांताबाई झेपावल्याच.

"तीळ नको! अंगावर गांध्या उठतात!"

खुरमी हिसकावून घेऊन त्यांनी सगळ्या बायांकडे पाहिलं. आईला काय काय माहीत असतं, बघा म्हणावं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

"आई," नीलू हळूच म्हणालं, "आता नाही उठत. तीन वर्षं झाले."

"हव दीदी," पद्मिनी म्हणाली, "मोर घर तो रोज खावत हे."

तिच्या घरी, रोज! बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पण टोमणा नव्हता.

"मले काहून नाही सांगितलं?" शांताबाईंनी नीलूला विचारलं.

"तू विचारलंच नाही ना, आई."

शांताबाईंच्या मुठीत खुरमीचा चुरा झाला होता. डोळे भरले, ते त्यांनी मनगटाने पुसले. मग नीलूचा दंड धरून त्यांनी बायांच्या घोळक्यातून बाजूला ओढलं, पद्मिनीकडे पाठ केली आणि दबक्या आवाजात, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"आता नवीन जे काही असन, ते आधी मले सांगाचं. फूलदाईले नंतर."