गाव होते, गाव आहे

ऑनलाइन ज्ञानकोशातल्या खांबेरे गावाच्या पानावर महिपत नावाच्या नवख्याने पाचव्यांदा ‘गाव होते’ खोडून ‘गाव आहे’ केलं. गाव धरणात बुडाल्याचा सरकारी संदर्भ खाली दिलेला होता. पानांची राखण करणाऱ्या वैजयंतीने चिडून लिहिलं, “हा खोडसाळपणा थांबवा, नाहीतर खातं बंद करीन.”

“ताई, खालची वाडी बुडाली. वरच्या वाडीतली आमची अकरा घरं अजून आहेत,” उत्तर आलं.

“छापील पुरावा द्या.”

“कुठून देऊ? कागदावर आम्ही बुडालोय, म्हणून तर लाइट मिळत नाही.”

नियमाप्रमाणे संदर्भ खरा होता आणि माणूस खोटा. वैजयंतीने खातं बंद केलं नाही, ‘आहे’ही राहू दिलं, पण त्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारला.